चार ढेकळांची घागर

अभिमन कुंभाराच्या घरी वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपायचं. दिवाळीला वह्या पुजणारे लोक भडगावच्या पेठेत, मार्चअखेरीला धावपळ करणारे बँकेत. कुंभाराचं वर्ष मडकी भाजायच्या शेवटच्या आव्यातली शेवटची घागर विकली गेली की संपतं, आणि त्या दिवशी त्याला कोणी काही विचारायला येत नाही. म्हणून मग त्याचं त्यालाच विचारावं लागतं.

हे विचारणं त्याच्या बायकोच्या, ताईबाईच्या, टोपलीतून व्हायचं. टोपली चुलीमागच्या कोनाड्यात असे. आवा उघडला की फुटक्या मालातली एक खापरी ताईबाई उचलायची, पदराने पुसायची आणि टोपलीत टाकायची. तिच्या सासूनेही तेच केलं होतं. वर्षाचा शेवटचा आवा लावायच्या आधी टोपली अंगणात पालथी व्हायची आणि सगळं घर त्या खापऱ्यांभोवती बसायचं. काळी खापरी म्हणजे जळण ओलं होतं. तडकलेली म्हणजे मातीत चुनखडी राहिली. लाल, खणखणीत असली तर सगळं जमूनही एखादं फुटलंच, त्याला कोण काय करणार! पुढच्या साली कुठली माती आणायची, जळण कधी भरायचं, पोळ्याचे मातीचे बैल किती आणि पणत्या किती, हे सगळं तिथेच ठरायचं.

त्या साली चैत्र सरता सरता मुलगा सुकदेव दीपनगरच्या वीजकेंद्रावरून आला तो ट्रंक घेऊनच आला. अभिमनने ट्रंक पाहिली आणि काही विचारलं नाही. ट्रंक घेऊन आलेल्या पोराला काय विचारणार? अंगणातल्या कडुलिंबाचा मोहोर गळत होता, ओल्या मडक्यांवर बसत होता, आणि अभिमन तो बोटाच्या टोकाने एकेक करून उचलत होता. त्या उन्हात अंगण असं काही थरथरायचं, की मडक्यांच्या रांगा पाण्यात उभ्या आहेत असं वाटे. अभिमनला तसं पाहत बसायला आवडायचं. निम्मं आयुष्य त्याने असं पाहण्यातच घालवलं, असं ताईबाई म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिने टोपली पालथी केली.

"हाई पोयाना आवानी," ती एकेक खापरी मांडत म्हणाली. "हाई नवरातना घटसनी. हाई दिवाईनी."

खापऱ्या बोलायला लागल्या आणि घर गप्प झालं. नवरात्रापासूनची प्रत्येक खापरी एका कडेला जाड होती आणि दुसऱ्या कडेला पातळ. ताईबाईने त्या चिमटीत धरून पाहिल्या, पुन्हा ठेवल्या. अभिमनने उजवा खांदा डाव्या हाताने दाबून धरला. थापी मारताना त्या खांद्यातून कळ निघायची आणि थापी जिथे पडायला हवी त्याच्या जरा अलीकडे पडायची. गोल मडकं थापून थापून मोठं करायचं असतं. आतून गुळगुळीत दगडाचा गुंडा धरायचा आणि बाहेरून थापी मारायची. दोन्ही हातांचा मेळ गेला की मडक्याचं अंग एकीकडे झुकतं. हे त्याला कळत होतं. ताईबाईला कळलंय हेही कळत होतं. फक्त आज ते अंगणात मांडून ठेवलं होतं, आणि पोरगा बघत होता.

"आबा," सुकदेव म्हणाला, "ठेकेदारनी नवा माणसं लायात. माले म्हने, आते येऊ नको."

"हं."

"राख मातर फुकट भेटस तठे. डोंगर पडेल शे. आपली माटी आन ती राख, झकास वीट पडस. जब्बारभाई टेम्पो देस म्हने. अंगण मोकळं कयं ते भट्टी मावी."

अंगण मोकळं करायचं म्हणजे चाक उचलायचं. ते शब्द सुकदेवने तोंडातून काढले नाहीत, पण अंगणात दुसरं होतं काय? चाक अभिमनच्या बापाने रोवलेलं. खालचा खुंटा खैराचा, जमिनीत हातभर गेलेला. बाप गेला त्या दिवशीही चाकावर ओली माती होती, आणि अभिमनने आधी ती उतरवली, मग रडला.

"आन नही जमनं ते?" ताईबाईने विचारलं.

"नही ते सुरतले जास. पुष्पाना बापनी निरोप धाडा शे. जावई कोठे कामले शे ते समजू द्या, मंग पोर धाडसू."

सुकदेवची बायको पुष्पाबाई शिंदखेड्याला माहेरी होती. आखाजीला पोरी माहेरी जातातच, पण ही आखाजीच्या खूप आधी गेली होती.

अभिमनने खापऱ्या हाताने एका बाजूला सारल्या. त्याला म्हणायचं होतं, जाऊ नको. सुरतेला गेलेली गावातली माणसं दिवाळीला येतात, पुढे दिवाळीलाही येत नाहीत. पण जाऊ नको म्हटलं की पुढचं वाक्य येतं, उचल ते चाक. म्हणून त्याने घरातली सगळ्यात सोपी वाट धरली.

"घागर सांगी तसं करसूत," तो म्हणाला.

आता हे घागरीचं सांगणं काय ते सांगायला हवं. आखाजीला पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. गावातले शेतकरी तिच्याखाली चार ढेकळं ठेवतात, पावसाच्या चार महिन्यांची, आणि घागर पाझरून कुठलं ढेकूळ किती भिजलं त्यावरून पाऊस ताडतात. कुंभाराच्या घरात मात्र ढेकळं चार कामांची असत. एक चाकाचं, म्हणजे घागरी-मडक्यांचं. एक पोळ्याच्या बैलांचं. एक घट-पणत्यांचं. एक विटांचं. जे ढेकूळ जास्त भिजेल, त्या साली अंगण त्या कामाचं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. विटांचं ढेकूळ कोरडंच राहायचं आणि ते कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

"घागर सांगी ते खरं," सुकदेव म्हणाला. त्याचा त्यावर विश्वास होता की नाही कोण जाणे. पण बापाशी भांडण्यापेक्षा घागरीशी भांडण बरं, असं त्याला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी अभिमनने घरची घागर चाकावर उतरवली. काठी चाकाच्या खळीत घालून फिरवताना त्याच्या कपाळावर घाम आला आणि नाकाच्या शेंड्यावरून मातीत पडला. चाक फिरलं. मातीने मान वर काढली. त्या एवढ्याशा वेळात त्याचा खांदा दुखत नसे, किंवा दुखत असला तरी ते दुखणं दुसऱ्या कोणाचं तरी असे. गळा झाला, काठ झाला. दोऱ्याने कापून त्याने घागर उचलली आणि सावलीत ठेवली.

जरा सुकल्यावर थापायला बसला. पहिले काही घाव बरे पडले. मग कळ आली. थापी घसरली आणि घागरीच्या पोटाला खळगा पडला. त्याने ती मांडीवर तशीच धरली. लिंबाखाली वारा पडला होता. त्याला वाटलं, बाप मागे उभा आहे आणि काही बोलत नाही. बाप जिवंतपणी कधी गप्प बसला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

"द्या तो गुंडा," ताईबाई समोर येऊन बसली.

"तुले जमी का वं?"

"चाकले हात लावाले बंदी शे. गुंडाले कोनी बंदी कयी? तुम्ही बाहेरतून मारा. मी मझार धरस."

कुंभाराच्या बाईने चाकाला हात लावायचा नाही हे खरं. माती तुडवायची, लीद कालवायची, आवा रचायचा, गेरू द्यायचा, डोक्यावर माल घेऊन बाजारात बसायचं. सगळं करायचं, फक्त चाकाला शिवायचं नाही. गुंड्याचं मात्र कोणी काही म्हटलं नव्हतं, कारण तसा प्रश्नच कधी आला नव्हता. तिने बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि हात घागरीत घातला.

थाप. थोडं फिरव. थाप. आतून गुंड्याचा आवाज बोळा कोंबल्यासारखा, बाहेरून थापीचा उघडा. पहिल्यांदा दोघांची चुकामूक झाली, ती हसली, तो चिडला. मग मेळ बसला. दोघांच्या मध्ये ती ओली घागर फिरत होती आणि दोघेही एकमेकांकडे न पाहता तिच्याकडे पाहत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं गुडघ्याला गुडघा लावून दिवसाउजेडी अंगणात ती दोघं कधी बसली नव्हती. ताईबाईला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

अभिमनच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. घागरीचं अंग जिथे पातळ, तिथून ती जास्त पाझरते. खांद्याने नवरात्रापासून जे नको ते केलं, ते आज हवं म्हणून केलं तर काय बिघडलं? त्याने गळ्याखाली अंगठ्याच्या नखाने चंद्रकोरीसारखी खूण केली आणि त्या खुणेखाली थापी जोरात मारायला लागला. घागर ठेवताना ती बाजू विटांच्या ढेकळावर आणायची. घागर सांगेल, चाक उचला. आपण काही बोललोच नाही, घागर बोलली. पोरगा राहील. बापही वरून आपल्याला बोल लावणार नाही.

ताईबाईने ती खूण पाहिली. तिचा हात आत होता.

शेवटचा आवा लागला. गोवऱ्या, तुरीच्या काड्या, वर गवत आणि मातीचा लेप. धूर दिवसभर गिरणेच्या कोरड्या पात्राकडे झुकत राहिला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसल्यासारखा थांबला. अभिमन आव्यापाशी बसून होता. त्याला अर्धवट झोपेत दिसलं की नदी भरून अंगणात आली आहे, चाक तिच्यावर तरंगतंय, आणि त्यावर कोणीतरी बसलंय. तो सुकदेव की बाप ते ओळखू येईना. त्याने हाक मारली, तर ताईबाई म्हणाली, "आठेच शे मी."

आवा उघडला. घरची घागर काढून ताईबाईने बोटाने टिचकी मारली. खणखणीत. तिने ती कोणाच्या हातात न देता आत नेली. मागे वळून एक फुटकी खापरी उचलली, पुसली, टोपलीत टाकायला गेली आणि थांबली. टोपली आता रिकामी होती. जुन्या वर्षाच्या खापऱ्या मोजून, बोलून झाल्या होत्या. ही खापरी जुन्या सालातली, नव्या टोपलीत कशाला? तिने ती उंबऱ्याबाहेर टाकून दिली.

जब्बार टेम्पो घेऊन आला. भडगावच्या बाजारात त्याची आणि अभिमनची वर्षानुवर्षांची खेप. माल भरताना त्याने मडक्यांमध्ये पेंढा घातला, दोर आवळला आणि बिडी पेटवून म्हणाला, "अभिमनभाऊ, वाईट वाटी लेऊ नको. मडकासनी खेप आते जमत नही. खड्डामा गाडी दणकस ना, मना जीव मडकामा ऱ्हास. विटासले काय? दणका लागा ते लागा."

"खरं शे," अभिमन म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं.

बाजारात कुंदाबाई नावाची एक ओळखीची गिऱ्हाईक आली. तिने घागर टिचकावली, आवाज आवडला, मग घागर जमिनीवर ठेवली. घागर एका अंगाला कलली. तिने सरळ केली, ती पुन्हा कलली. "आबा, यंदा घागरसले झोप येस का?" ती हसून म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. शेजारी प्लास्टिकच्या निळ्या कॅनवाला बसला होता, तोही हसला. अभिमनने घागर परत घेतली आणि दुसरी दाखवली. संध्याकाळी बराच माल तसाच परत आला. जब्बारने उतरवताना एकही फोडला नाही, आणि अभिमनला वाटलं, फोडला असता तर बरं झालं असतं.

आखाजी उगवली. गावात लिंबांना झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर उभ्या राहून गात होत्या, त्यांचा आवाज उंच जायचा आणि उतरायचा. ताईबाईने देव्हाऱ्यापाशी चार ढेकळं मांडली. अभिमनने घागर ठेवली आणि नखाची खूण विटांच्या ढेकळाकडे वळवली. कोणाला कळू नये म्हणून जरा जास्तच वेळ घागर नीट करत राहिला. ताईबाईने पाणी भरलं, वर लहानगं मडकं, त्यावर नदीच्या वाळूतलं डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबा आणि सांजोऱ्या. डांगराच्या वासाने घर भरलं. अभिमनने बापाचं नाव घेऊन पाणी सोडलं. नाव घेताना तो मनात म्हणाला, माफ करशील.

जेवण झाल्यावर सगळे लवंडले. बाहेर झोके, आत अंधारा गारवा, आणि घागरीवर हळूहळू दंव धरायला लागलं. अभिमन पडल्या पडल्या तिकडे पाहत होता. एक थेंब जमायचा, थरथरायचा आणि खाली सरकायचा. कुठल्या बाजूने सरकला ते दिसायच्या आत त्याचा डोळा लागायचा. जागा झाला की नवा थेंब. पुढे त्याने नाद सोडला. जे ठरवायचं ते ठरवून झालं होतं.

सकाळी सूर्य वर आल्यावर सुकदेवने डांगर उतरवलं, लहान मडकं उतरवलं आणि घागर दोन्ही हातांनी अलगद उचलली. तिघे वाकून पाहायला लागले.

"आबा," सुकदेव म्हणाला, "चारी वल्ला शेतस."

"विटासनं जास्त व्हई. नीट देख."

"नही. चारी सारखाच."

अभिमनने गुडघ्यावर बसून प्रत्येक ढेकळात बोट रुतवलं. चारही ढेकळांत बोट सारखंच गेलं. असं त्याच्या आठवणीत कधी झालं नव्हतं, बापाच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. त्याने घागर हातात घेतली, फिरवली, नखाच्या खुणेखाली तळवा ठेवला. मग पलीकडच्या बाजूला ठेवला. दोन्हीकडे तोच गारवा. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. अशी घागर नवरात्रापासून त्याच्या हातून झाली नव्हती. त्याने मान वर केली आणि ताईबाईकडे पाहिलं.

"मझार मना हात व्हता," ताईबाई म्हणाली.

सुकदेवला काही कळलं नाही. अभिमनला सगळं कळलं.

"तुम्ही जठे जोर कया, तठे मी गुंडा मांगे लिधा, माटी पातळ व्हऊ दिधी नही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "पोऱ्याले ठेवानं शे ते तोंडतून सांगो. घागरले कसाले खोटं बोलाले लावतस?"

बाहेर एक झोका करकरला. अभिमन घागर मांडीवर घेऊन बसला होता. आता त्याच्यासाठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. ढेकळं नाहीत, घागर नाही, बापही नाही. त्याने घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"सुकदेव," तो म्हणाला, "सुरतले जाऊ नको."

एवढंच म्हणाला. इतक्या दिवसांत ते चार शब्द त्याने किती वेळा गिळले होते! आणि त्यांच्यामागून जे वाक्य येईल म्हणून तो भीत होता, ते आलंच नाही. सुकदेव मान खाली घालून बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"माले वाटनं, तुम्ही सांगावच नहीत," तो म्हणाला. "माले वाटनं, तुमले चाकच जास्त शे."

अभिमन उठला. चाकाची काठी घेतली आणि अंगणात गेला. लिंबापासून कुडापर्यंत त्याने काठीने रेघ ओढली. हात दुखत होता म्हणून रेघ वाकडी झाली.

"आठून तठेलोंग तुनं. पाड विटा. इकडे चाक."

"इतलीशी जागामा मोठी भट्टी मावाव नही, आबा."

"मंग ल्हानी लाव. यंदा ल्हानी, पुढला साले देखसूत. मी बी मडका कमीच करसू. आखाजीना, नवरातना, बस. जितलं दोन जनसकडतून थापाई, तितलं."

सुकदेवने रेघेकडे पाहिलं. रेघेवरून चालत गेला, पावलांनी जागा मापली, मनात काही जुळवलं. "पुष्पाले धाडा म्हनीसन सांगस शिंदखेडाले," तो म्हणाला. मग परत येऊन त्याने बापाच्या हातातली काठी घेतली, चाकाच्या खळीत घातली आणि नुसतंच एकदा फिरवून पाहिलं. चाकावर माती नव्हती. रिकामं चाक बराच वेळ फिरत राहिलं. दुसऱ्याच्या हाताने ते फिरताना अभिमन बाप गेल्यावर पहिल्यांदाच पाहत होता, आणि त्याला ते त्याच्या स्वप्नातल्यापेक्षा लहान वाटलं, आणि तरी सोडवेना.

ताईबाईने आत चारही ढेकळं एकत्र कालवली आणि ओल्या गोळ्यावर फडकं टाकलं. विटेचा की घागरीचा, ते तिने विचारलं नाही.

अभिमन दारात आला. त्याच्या मुठीत गुंडा होता, बापाच्या आणि आजाच्या हातांनी झिजून अंड्यासारखा झालेला. घरात ही वस्तू बाईच्या हातात देताना काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण तसं आजवर कोणी काही म्हटलं नव्हतं.

"हाऊ आते तुनाकडे ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

तिने तो घेतला. पदराने पुसला, जशी खापरी पुसायची तसा. मग चुलीमागच्या कोनाड्यातली रिकामी टोपली काढून त्यात ठेवला. नव्या सालाच्या टोपलीत पहिली वस्तू पडली ती न फुटलेली. कोनाड्यात परत ठेवताना टोपली नेहमीपेक्षा जड लागली, म्हणून ताईबाईने ती दोन्ही हातांनी उचलली.